फुलाअक्कांच्या हातचं पाणी

शाळेतून फोन आला तेव्हा मी मंडळ कार्यालयात, म्हणजे आमच्या तहसिलीत, एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होते. त्याला पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची, नक्कल आजच्या आज हवी होती, संगणक बंद पडला होता, आणि तो मीच मुद्दाम बंद पाडलाय असं त्याचं ठाम मत होतं. फोनवर हेडमास्तर होते. "मॅडम, टीचर पडल्या," एवढंच म्हणाले. मला वाटलं, नळाजवळ घसरल्या असतील. शाळेच्या नळाभोवतीची फरशी या टीचरमुळे, म्हणजे आमच्या अक्कांमुळे, कधी कोरडीच राहत नसे. म्हणून मी आधी चिडले. "किती वेळा सांगितलं होतं" हे वाक्य तोंडात तयार ठेवूनच मी ऑटोत बसले... ते वाक्य तसंच राहून गेलं. अक्का नळाजवळ पडल्या नव्हत्या. तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्या डोकं धरून खुर्चीत बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला, मेंदूत रक्तस्राव झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

त्या फोटोची फिल्म एका मोठ्या पाकिटात घालून आमच्या हातात दिली गेली. ती कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. अक्कांना एका गोष्टीची फार हौस होती. आपल्या मेंदूचा फोटो मिळावा आणि तो वस्तीतल्या प्रत्येकाला, त्यातही समोरच्या कौसामावशीला, दाखवावा. मिळाला तो असा. मी ती फिल्म अजून पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही.

पंचफुला हे त्यांचं नाव. माझी थोरली नणंद. तलमडुगु मंडळातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. लग्न केलं नाही. त्या आमच्याजवळ राहत असं लोक म्हणत, पण खरं तर आम्हीच त्यांच्याजवळ राहत होतो, कारण घर त्यांनी बांधलं होतं आणि त्यात शब्दही त्यांचाच चालायचा. आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबले, ही मुलगी शिकून मास्तरीण झाली, मग तिनं धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या यांना, शिकवलं आणि मार्केट यार्डात चिकटवलं. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "नौकरी सोडनार तं नाई न?" मी नाही म्हटलं. "मंग बस, माह्याकडून पक्कं," म्हणाल्या आणि पोहे न खाता उठल्या. पोहे न खाता उठल्या याचा माझ्या आईनं बरेच दिवस राग धरला होता. त्याचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं.

अक्का हात धुवायच्या. आता असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय, चांगली सवय आहे. तुम्ही आमच्या घरात राहिला नाहीत म्हणून असं वाटतं. सकाळी टाकी भरावी आणि मी ऑफिसला निघायच्या आत ती रिकामी व्हावी, आंघोळीला पाणी नसावं, आणि मोरीतून साबणाचा वास घेऊन अक्का बाहेर याव्यात, हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या सांध्यांवर चिरा... मी चिडायचे, भांडायचे, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. रोज पाणी संपलं की कोणीही भांडेल. "अक्का, तुमी साबन खाता काय?" असं मी विचारायचे. त्या हसायच्या आणि परत आत जायच्या. हसताना त्यांचा चेहरा रडवेला दिसायचा. आपण जे करतोय त्यात काही अर्थ नाही हे त्यांना कळत होतं. तरी पाय मोरीकडे वळायचेच.

घरातलं घरात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ते बाहेर आलं. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरून भाकरी आणि बेसन येतं, मोठ्या परातीत सगळं कालवतात आणि घरची माणसं तिच्याभोवती बसून एकाच परातीत दोन घास खातात. कडू घास म्हणतात त्याला. त्या दिवशी तो कौसामावशीनं आणला होता. कौसामावशी सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण, दोघी बरोबर कापूस वेचायला जायच्या. तिनं डोळे पुसत परात मांडली, अक्कांचा हात धरून त्यांना बसवलं आणि म्हणाली, "फुला, घे माय, घास घे." अक्कांनी परातीकडे पाहिलं, भोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, हात झटकन मागे घेतला आणि उठून मोरीत गेल्या. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. त्या बाहेर आल्याच नाहीत. कौसामावशी बराच वेळ बसून होती. मग उठली आणि दारात उभी राहून, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलली, "माह्यी भाकर बाटली काय वो तुले? म्या तुह्या मायसोबत एका फडक्यातली भाकर खाल्ली. आपल्याले जे लोकाइनं केलं, तेच तू आमाले करून राह्यली?"

आमच्या वस्तीत याच्याहून मोठी शिवी नाही. विटाळ म्हणजे काय हे जिथल्या म्हाताऱ्या माणसांनी अंगावर सोसलं आहे, तिथे शिकलेली, पगारदार, आपलीच मुलगी आपल्याच माणसांना बाटलेली समजते... हे कोणी विसरत नाही. लोकांना जुन्या गोष्टीही आठवल्या. टीचर कोणाच्या घरी पाणी पीत नाहीत. विहारात खीर वाटायला पुढे होत नाहीत. कोणी हातात हात दिला की घरी जाऊन धुतात. सगळा हिशोब बरोबर जुळला आणि त्याचं उत्तर चुकीचं आलं. कौसामावशीचं दार आमच्या दारासमोर आहे, मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता. त्या दिवसानंतर ती आमच्या उंबऱ्यावर चढली नाही. अक्का तिला रोज दिसायच्या आणि ती तोंड फिरवायची.

आणि खरं काय होतं? ते पुष्कळ दिवसांनी एका दुपारी मला अक्कांनीच सांगितलं. आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो, म्हणजे मी सोलत होते आणि त्या लांब बसून बघत होत्या. म्हणाल्या, "रेखा, मले त्याइचा विटाळ नाई वाटत वो. मले माह्याच हाताचा भेव वाटते." त्यांना वाटायचं की आपल्या हाताला फवारणीचं औषध लागलेलं आहे. कापसावर मारतात ते. आपण ज्याला हात लावू त्याच्या पोटात ते जाईल, आपण परातीत बोटं घातली तर भोवती बसलेले सगळे मरतील, शाळेतल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला तर त्याच्या केसांतून ते त्याच्या तोंडात जाईल. त्या दिवशी परातीभोवती आम्ही सगळे बसलो होतो आणि त्यांनी आम्हाला वाचवलं होतं. मी विचारलं, लहानपणी काही झालं होतं का? कोणाला विष लागलं होतं? त्या म्हणाल्या, "काहीच झालं नोतं. बाबा त्याच हातानं औषध कालवत, त्याच हातानं पानी पेत. त्याइले काही झालं नाई. तेच तं म्हनतो न मी... काही झालं नाई, तरी माह्या डोक्यातून जात नाई."

मग कोरोना आला. सगळी दुनिया हात धुऊ लागली. ग्रामपंचायतीनं अक्कांना बोलावलं आणि चावडीसमोर हात कसे धुवावेत ते सगळ्यांना करून दाखवायला लावलं. बोटांच्या मधून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत... अक्कांनी इतकं सुरेख करून दाखवलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी राहून हसत होते. घरी आल्यावर त्या पाटावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. "आता तं सरकारच सांगून राह्यलं, रेखा. आता कोन मले थांबवनार?" त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं. साथ ओसरली, लोक पूर्वीसारखे झाले, अक्का मात्र आणखी खोल गेल्या. खडू धरताना बोटांतून रक्त यायला लागलं. तेव्हा कुठे आम्ही त्यांना आदिलाबादला मनाच्या डॉक्टरांच्या शिबिरात नेलं, आणि तिथे डॉक्टर स्रवंती भेटल्या.

या स्रवंती म्हणजे हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करणारी, माझ्या भाचीच्या वयाची पोरगी. तेलुगू आणि हिंदी मिसळून बोलायची आणि अक्कांना "अम्मा" म्हणायची. तिनं अक्कांचे हात हातात घेतले, चिरा पाहिल्या आणि पहिलंच वाक्य असं बोलली की अक्का तिच्या झाल्या. म्हणाली, "अम्मा, तुम्ही किती थकला असाल." इतक्या वर्षांत कोणी हे म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे पाण्याचा हिशोब करत बसलो होतो. मग तिनं सांगितलं की या आजाराला नाव आहे, औषध आहे, उपचार आहेत, आणि तो पुष्कळ लोकांना असतो. आणि असंही सांगितलं की असा आजार असलेल्यांच्या मेंदूत नेमकं काय चालतं हे ते लोक एका मोठ्या यंत्रातून पाहत आहेत. अक्का ताठ बसल्या. "म्हंजे फोटोत दिसते?" स्रवंती म्हणाली, थोडंफार दिसतं. बाकीचं वाक्य अक्कांनी ऐकलंच नाही. घरी येताना बसमध्ये मला म्हणाल्या, "फोटो भेटला का मी कौसामावशीच्या हातातच देतो. म्हनतो, पाह्य मावशे, हे पाह्य कुठं खराब हाय ते. विटाळ नाई, बिमारी हाय."

संशोधनाला आजारी माणसांइतकीच धडधाकट माणसंही लागतात, तुलनेसाठी. वय साधारण तेवढंच, शिक्षण तेवढंच, राहणीमान तेवढंच. स्रवंतीनं माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं माझं डोकं निरोगी ठरलं. आमच्या यांना ते पटलं नाही, "नीट तपासून घ्या" असं त्यांनी डॉक्टरांना फोनवर सांगितलंही. आम्ही नणंद-भावजय रेल्वेनं हैदराबादला गेलो. मंगळसूत्र, बांगड्या, केसांचे आकडे सगळं काढून ठेवायला लावलं. अक्कांना अंगावरून काढायला काही नव्हतंच, त्या माझ्याकडे बघून गालात हसत होत्या. डोक्याभोवती पिंजरा बसवला, नळकांड्यात सरकवलं, आणि जिनिंगमध्ये सरकी काढायचे रेचे सुरू झाल्यासारखी धडधड सुरू झाली. डोळ्यांसमोर एका छोट्या आरशात फोटो दिसायचे. ते आमच्याच गावात काढून नेले होते. फवारणीचा पंप, औषधाची रिकामी बाटली, भाताची परात, पाण्याचा ग्लास, लेकराचा हात. आपण फक्त बघायचं आणि मनात किती घालमेल होते ते बटण दाबून सांगायचं. मला पंप दिसला तर मनात आलं, हा शेजारच्या नारायणचा, याचा पट्टा तुटलाय तरी मेला शिवून घेत नाही. परात दिसली तर भूक लागली. निरोगी मेंदू म्हणजे हे असं. माझ्यानंतर अक्का आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा गालांवरून पाण्याचे ओघळ आलेले होते, पण म्हणाल्या, "हाललो नाई मी. फोटो हालला असता न."

दुसऱ्या दिवशी स्रवंतीनं आम्हाला पडद्यासमोर बसवलं. अक्कांनी फार गळ घातली होती म्हणून. एका बाजूला माझा मेंदू, एका बाजूला अक्कांचा. करड्या रंगाचे, अक्रोडासारखे सुरकुतलेले. अक्का पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "यातला माहा कोनता?" त्यांनी विचारलं. स्रवंतीनं दाखवला. अक्का पाहत राहिल्या, मग माझा पाहिला, परत स्वतःचा. "फरक कुठं हाय?" स्रवंतीनं दोन्ही फोटो मोठे केले. मग तिनं खरं ते सांगितलं. म्हणाली, अम्मा, नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. पुष्कळ आजारी माणसांचे आणि पुष्कळ निरोगी माणसांचे फोटो एकत्र करून गणित मांडलं, तरच बारीक फरक दिसतो. कपाळामागचा एक भाग "काहीतरी चुकलंय" म्हणून सांगत राहतो, आत खोलवरच्या एका गाठीनं तो निरोप "झालं, आता पुरे" म्हणून थांबवायला हवा, आणि अशा माणसांत तो थांबत नाही, फिरून फिरून येत राहतो, असं दिसतं. पण एकट्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवून हा आजारी, हा बरा असं म्हणता येत नाही. आणि फोटो घरी द्यायची परवानगीही नाही.

अक्कांचा चेहरा तेव्हा कसा पडला ते मी विसरणार नाही. "मंग मी खोटी काय?" असं विचारलं त्यांनी, अगदी हळू. मला रडू आलं. आणि मग अक्काच म्हणाल्या, "नाई, समजलं मले. एक बोंड पाहून कोनी सांगत नाई वावरावर रोग हाय म्हनून. बोंड बाहेरून सारखंच दिसते. वावर फिरा लागते." स्रवंतीला मी ते हिंदीत समजावलं. ती म्हणाली, बरोबर, आणि तुम्ही आत त्या यंत्रात पडून राहिलात म्हणून आम्हाला वावर फिरता येतं. अक्कांना त्यानं थोडं बरं वाटलं. पण परतीच्या गाडीत त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या. दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मग उपचार सुरू झाले. गोळ्या होत्याच, पण त्याहून अवघड होतं ते दुसरं. ज्याची भीती वाटते ते करायचं आणि नंतर हात धुवायचे नाहीत. भीती वर चढू द्यायची, आणि ती आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. फोनवर स्रवंती दिसायची, इकडे अक्का. पायऱ्या ठरल्या होत्या. आधी पंपाला एक बोट लावायचं. मग सगळा हात. मग तो हात स्वतःच्या गालाला. मग मला चहा करून द्यायचा, आणि मी तो प्यायचा. तो चहा बेचव असायचा, भीतीनं त्या साखरच विसरायच्या. आणखी एक अट होती. "तुले बरं वाटते न?" असं त्यांनी विचारायचं नाही, आणि विचारलंच तर आम्ही उत्तर द्यायचं नाही. खात्री करून घेणं हेही हात धुण्यासारखंच आहे, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. सख्खी नणंद काकुळतीला येऊन विचारतेय, "रेखा, पोटात दुखत नाई न?" आणि आपण तोंड मिटून भांडी घासायची... याच्याइतकं कठीण काम मी दुसरं केलं नाही. वरच्या पायऱ्यांसाठी स्रवंती म्हणाली, घराबाहेरचं माणूस हवं. अक्कांनी क्षणाचाही विचार न करता समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

कौसामावशीला बोलवायला मी गेले. तिनं आधी मला ओट्यावरच उभं ठेवलं. "काऊन येऊ मी? तुह्या नंदंचं घर बाटल न." मी म्हटलं, "मावशी, बाटू द्या. डॉक्टरीनबाईनंच बाटवा म्हनून सांगतलं." मग मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, पंपाचा फोटो, आम्हा दोघींचे मेंदू. तिनं सुपारी कातरत ऐकून घेतलं. "म्हंजे दोघींचे डोक्शे सारखेच निंगाले?" होय, मी म्हटलं. "मंग डॉक्टरीनीनं पाह्यलं काय?" पण ती आली. माझ्या बोलण्यानं आली की सासूबाईंच्या आठवणीनं, ते मला माहीत नाही. आमच्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आन पानी. पेतो अन् जातो."

अक्कांनी तिच्यासमोर पंपाला दोन्ही हात लावले. मग आत जाऊन माठातून ग्लास भरून आणला. उंबऱ्याजवळ आल्या आणि त्यांचे हात थरथरायला लागले. साधे नाही, ग्लासातलं पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडत होतं, ओठ पांढरे पडले होते, डोळ्यांतून धारा. तरी त्या एकेक पाऊल पुढे येत होत्या. कौसामावशी हसत बसली होती, ती गंभीर झाली. तिनं अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, नुसत्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फुला, मी लहान होतो न, मुधोळकडं, माह्या मायच्या गावी, तवा आमी इहिरीपाशी ओंजळ करून उभे राहो. वरून पानी टाकत. टाकनाऱ्याइचे हात म्या लय पाह्यले, माय. त्याइचे हात कधी थरथरले नाई." तिनं उठून अक्कांच्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेलं सगळं पाणी घटाघटा प्यायली. पदरानं तोंड पुसलं. "आन अजून. अर्धं तं सांडवलं."

अक्का तिथेच खाली बसल्या, हात मांडीवर उलटे ठेवून. धुतले नाहीत. ज्या गोष्टीचा पुरावा हैदराबादहून आणता आला नाही, ती कौसामावशीनं मान्य करून टाकली होती. स्रवंतीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या यंत्रात हात दिसत नाहीत.

त्यानंतर कौसामावशीचा नेम झाला. दुपार कलली, अक्का शाळेतून आल्या की ओट्यावर यायची आणि आवाज द्यायची, "फुले, पानी आन वो!" घरी तिच्या नळ होता, माठ होता, फ्रिजही होता, पण पाणी प्यायला ती रस्ता ओलांडून यायची. अक्का काही खडखडीत बऱ्या झाल्या नाहीत, हे लिहिलं पाहिजे. कधी एकदम घसरायच्या, टाकी रिकामी व्हायची, मी भांडायचे. पण बोटांच्या चिरा भरल्या. विहारात त्यांनी खीर वाटली. सकाळी उठल्याबरोबर मात्र त्या खिडकीतून समोरच्या दाराकडे बघायच्या, कौसामावशी जिवंत आहे ना म्हणून. हे मावशीच्या लक्षात आलं. ती रोज सकाळी आपल्या ओट्यावर येऊन मोठ्यानं खोकायला लागली. खोकला-बिकला काही नव्हता तिला. डॉक्टरीणबाईंना कळलं असतं तर रागावल्या असत्या, म्हणून आम्ही कोणी कळू दिलं नाही. शेवटची पायरी राहिली होती, एका परातीत सगळ्यांबरोबर हात घालून जेवायचं. "पोळ्याले करू," असं अक्का म्हणाल्या होत्या. पोळा यायचा होता...

अक्कांना पोचवून आल्यावर कडू घास कौसामावशीनंच आणला. तशीच मोठी परात, भाकरी, बेसन. परात ठेवली आणि ती सरळ आमच्या मोरीत गेली. पाण्याचा आवाज यायला लागला. मी आत डोकावले तर ती अक्कांचा साबण घेऊन हात धुत होती. बोटांच्या मधून, नखांच्या खालून, कोपरापर्यंत, चावडीसमोर अक्कांनी दाखवलं होतं तसं. मला म्हणाली, "आज पहिल्यांदाच तिच्या घरी परात मांडून राह्यली न मी, तवापासून. तिच्या मनासारखं होऊ दे." आम्ही सगळे परातीभोवती बसलो. तिनं एकेकाच्या हातात घास दिला आणि आम्ही खाल्ला.

आता काही आठवडे झाले. मोरीतला साबण तसाच आहे, सुकून त्याला चिरा पडल्यात. टाकी दिवसभर भरलेली असते. कौसामावशी अजूनही दुपार कलली की येते. पहिले काही दिवस "फुले" अशी हाक तोंडातून निघायची, मग तिचं तिलाच कळायचं आणि ती नुसतीच बसून राहायची. मी पाणी नेऊन द्यायचे. परवा ऑफिसातून आले, ती ओट्यावर बसलेली होती. मी अक्कांचा ग्लास घेतला, माठातून भरला आणि उंबऱ्यापर्यंत आले. समोर ती, मागे रिकामं घर, आणि हातात तो ग्लास... माझे हात थरथरायला लागले. माझे, जिचं डोकं निरोगी म्हणून हैदराबादला नोंदलं गेलंय त्या बाईचे. पाणी साडीवर सांडलं. कौसामावशीनं हातांकडे पाहिलं. उठून ग्लास घेतला, उरलेलं सगळं पाणी प्यायली आणि घरी गेली.

काल सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. समोरचं दार वाजलं, कौसामावशी आपल्या ओट्यावर आली आणि मोठ्यानं खोकली. मला ऐकू येईल असं.